पैसे पोचले का?

माझ्या वडिलांनी आयुष्यभरात आजीला किती पैसे पाठवले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण 'पैसे पोचले का?' हा प्रश्न त्यांनी किती वेळा विचारला असेल, याचा मात्र मला चांगला अंदाज आहे. वडील मुंबईला, आजी रत्नागिरीजवळच्या खेड्यात. पाच तारखेला मनीऑर्डर जायची आणि सहा तारखेपासून वडील दुसऱ्या विषयावर बोलत नसत. आज मी मोबाईलवर बँकेचं ॲप उघडतो, बटण दाबतो आणि तिसऱ्या सेकंदाला मलाही तोच प्रश्न पडतो. पंधरा दिवसांची काळजी तीन सेकंदांत उरकायची, एवढी प्रगती आमच्या घराण्याने केली आहे. एकदा ती उरकली नाही, ते पुढे सांगतो.

मुळात पैसे कुठे जातच नाहीत. जातो तो निरोप. ही गोष्ट पेशवाईतल्या सावकारालाही पक्की ठाऊक होती. पुण्याच्या पेढीवर रुपये भरायचे, हुंडी घ्यायची आणि काशीच्या पेढीवर ती दाखवून तिथले रुपये उचलायचे. वाटेत चोरांनी गाठलंच, तर त्यांच्या हाती कागद! या सोयीबद्दल सावकार जे कापून घ्यायचा ती हुंडणावळ. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी वटायची, मुदतीची ठरल्या दिवशी. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ओळखीच्या माणसालाच मिळायचे, कुणीही सोम्यागोम्या पगडी घालून आला म्हणून नव्हे. हुंडी हरवली तर दुसरी प्रत, तिचं नाव पैठ. तीही हरवली तर परपैठ. माणसाच्या वेंधळेपणाचा इतका आदरपूर्वक विचार नंतर फारसा कुणी केलेला नाही.

हुंडीत रक्कम लिहायची तऱ्हा तर मला फारच आवडते. रुपये शंभर, निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे शंभर. कुणी शंभरावर शून्य चिकटवलं, तर बाजूचे पन्नास लगेच चुगली करणार. ॲपवर खातेक्रमांक दोनदा लिहावा लागतो तेव्हा मला त्या मुनीमाची आठवण होते. फरक एवढाच, की मुनीम दोनदा लिहिताना कंटाळत नव्हता.

१८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डरचं काम सरकारी तिजोऱ्यांकडून आपल्याकडे घेतलं आणि सावकाराच्या पेढीची पायरी चढायची ज्याची हिंमत नव्हती, त्याच्याही पैशाला पाय फुटले. गिरणगावातला कोकणी माणूस पगार झाला की टपाल कचेरीच्या रांगेत उभा. तिकडे पोस्टमन नोटा मोजून हातात द्यायचा. आजीला सही येत नव्हती. ती अंगठा उठवायची आणि शेजारचे मास्तर साक्षीदार म्हणून सही करायचे. म्हणजे पैसे योग्य माणसाला मिळाले, हे पोस्टमन, मास्तर आणि अंगणातली कोंबडी एवढे जण जाणून असत. शिवाय फॉर्मच्या शेपटाला चार ओळी लिहायला जागा होती. आजी पैसे कमरेला खोचायची आणि मास्तरांना म्हणायची, "खालचं वाचा." तिच्या लेखी मनीऑर्डर म्हणजे ते खालचं.

मग बँका आल्या. डिमांड ड्राफ्टसाठी मी माझ्या उमेदीतले किती तास एका शाखेतल्या लाकडी बाकावर घालवले, त्याची हुंडणावळ मला कुणी देणार नाही. टी.टी. म्हणजे तारेने पैसे. तार लवकर पोचायची, पण पलीकडच्या साहेबांना तिचा सांकेतिक आकडा जुळेपर्यंत चहा प्यावा लागे.

हे सगळं बदललं ते २६ मार्च २००४ पासून. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने आर.टी.जी.एस. सुरू केलं. नाव भयंकर असलं तरी कल्पना पेढीचीच आहे. प्रत्येक बँकेचं खातं रिझर्व्ह बँकेत असतं. मी पैसे पाठवले की माझी बँक तिथे निरोप धाडते. तिथे माझ्या बँकेच्या खात्यातून तेवढी रक्कम वजा होते आणि ताईच्या बँकेच्या खात्यात जमा होते. एकेक निरोप स्वतंत्र, तिथल्या तिथे, आणि एकदा झालं की झालं. मागे फिरणं नाही. पलीकडच्या बँकेने अर्ध्या तासात पैसे खात्यात टाकायचे. मात्र दोन लाखांच्या आतलं गिऱ्हाईक इथे घेत नाहीत. ते जातं नेफ्टकडे. नेफ्ट २००५ सालचं. ती दर अर्ध्या तासाने सुटणारी एस.टी.; सगळ्यांना गोळा करून नेते. २०१९ च्या डिसेंबरात नेफ्टने आणि २०२० च्या डिसेंबरात आर.टी.जी.एस.ने रात्र आणि रविवारची सुट्टी सोडून दिली. २०१० साली आलेल्या आय.एम.पी.एस.ची गंमत निराळी. तुम्हाला पैसे तत्काळ मिळतात, पण बँका आपसातला हिशेब मागाहून मिटवतात. म्हणजे थेट पेढीवरचे सावकार!

या सगळ्यात एक गोष्ट गळाली. ओळख. ती मला २०२२ सालच्या एका रविवारी समजली. नागपूरला भाऊजींना अचानक इस्पितळात हलवलं आणि अडीच लाख अनामत भरायची होती. ताईने फोनवर खातेक्रमांक सांगितला, मी तो दोनदा लिहिला. नव्या खात्याला आमची बँक चार तास उंबरठ्याबाहेर उभं करते. ते उरकून दुपारी पैसे पाठवले. शेऱ्याच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'काळजी करू नकोस'. पडद्यावर 'यशस्वी' आलं. फोन केला तर ताई म्हणाली, "नाही रे आले."

अर्धा तास झाला. पाऊण झाला. मी खातेक्रमांक पुन्हा तपासला. मधे तीन नऊ होते. ताई तीन म्हणाली होती की चार?

"अगं, पण नाव तर तिचंच घातलंय," मी म्हणालो.

"बाबा, नाव कोण बघतं?" कन्या म्हणाली. "आकडा बघून जमा करतात."

ते खरं होतं. पैसे पाठवण्याआधी त्या क्रमांकाचं खातं कुणाच्या नावाचं आहे, हे दाखवायची सोय रिझर्व्ह बँकेने आर.टी.जी.एस. आणि नेफ्टसाठी सांगितली ती १ एप्रिल २०२५ पर्यंतची. त्या रविवारी मला ना पोस्टमन होता, ना मास्तर. कुठल्यातरी परक्या माणसाच्या खात्यात माझे अडीच लाख पाय पसरून बसलेले मला दिसत होते. त्याहून वाईट म्हणजे खिडकीपाशी उभी असलेली ताई दिसत होती.

पैसे तीन मिनिटांतच पोचले होते. खातं दोघांच्या नावाचं, मोबाईल क्रमांक भाऊजींचा. त्यांचा मोबाईल नर्सने घड्याळ-अंगठीबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला होता. भाच्याला हे सुचलं, त्याने पिशवी उघडली, आणि मग अनामत भरली.

भाऊजी आता बरे आहेत, आणि पथ्यही पाळत नाहीत. पुढे नागपूरला गेलो तेव्हा ताईने पासबुक दाखवलं. यंत्राला माझा शेरा लांब वाटला असावा. त्याने शेवटचा शब्द कापला होता. अडीच लाखांच्या समोर छापलं होतं : 'काळजी करू'.

"केली हो," ताई म्हणाली.