दारूखान्याची जागा

बेळगावच्या दक्षिण अंगाला, शहापूरला लागून वसलेले वडगाव ही विणकरांची वस्ती. घराला घर चिकटलेले, घरातच माग, मागाशेजारी सुताचे गठ्ठे आणि त्याच छपराखाली चूल. अशा वस्तीत, किंवा तशाच दाटीच्या निपाणीच्या गल्लीत, कोणी वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसांचा मोठा साठा घरात करावा का, हा प्रश्न निघाला की बोलणे लगेच परवान्यावर येते. परवाना म्हटला की इंग्रज आठवतो, आणि इंग्रजाने रयतेच्या धाकापायी घातलेले बंधन आपण अजून का पाळायचे, हा सवाल मग आपोआप उभा राहतो. या सवालाच्या मुळाशी असलेला इतिहासच अपुरा आहे. बंदुकीच्या दारूचा साठा राहत्या घरापासून तोडून ठेवण्याचा दंडक या मुलखाने इंग्रजी अंमलाच्या शंभर वर्षे आधी स्वतःच घालून घेतला होता. तो अविश्वासातून आलेला नव्हता, दारू हाताळण्याच्या अनुभवातून आलेला होता. १८५७ नंतर त्यावर संशयाचे पुट चढले, इतकेच.

पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. निपाणीहून पश्चिमेला, घाटमाथ्यावरच्या बावड्याची जहागीर ज्यांच्या घराण्याकडे होती त्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीसाठी आज्ञापत्र सिद्ध केले. त्यातल्या दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी जे सांगितले आहे ते आजच्या कोणत्याही नियमावलीशेजारी निःशंक ठेवावे. दारूखाना घराच्या शेजारी असू नये, सदरेपासूनही अंतरावर असावा. त्याभोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे. खाली तळघर, त्याला चुन्याचा गच, आत माच, आणि त्या माचावर दारूची मडकी. ओल लागू द्यायची नाही. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढायचा, उन्हे द्यायची, पुन्हा आत ठेवून मोहोर करायची. रात्रंदिवस पहारा, आणि परवानगीवाचून माणूस जवळ फिरकता कामा नये. यातले प्रत्येक कलम कुठल्या तरी नुकसानीतून शिकलेले दिसते. मडकी जमिनीवर न ठेवता माचावर ठेवायची, कारण या पट्ट्यातला पाऊस जमिनीतून वर येतो आणि दारूतला सोरा ओल धरतो. निर्गुडीला गुरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण दाट राहते आणि माणसाची सहज ये-जा थांबते. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे अंतराची अट. ती शत्रूला उद्देशून नाही, गडावर बायकामुलांसह राहणाऱ्या आपल्याच माणसांसाठी आहे. इथे राज्याचा आपल्या शिबंदीवर अविश्वास असता, तर दारूखाना सदरेच्या नजरेखाली, भिंतीला भिंत लावून बांधायला सांगितला असता.

या अटीचे मोल किती, ते छत्तीस वर्षांनी सिंहगडावर दिसले. ११ सप्टेंबर १७५१ रोजी तिथल्या दारूकोठारावर वीज पडली. कोठार उडाले, त्यात गडाच्या फडणिसांचे घर उद्ध्वस्त झाले आणि घरातली सगळी माणसे मेली. फडणीस म्हणजे हिशेबाचा माणूस, आणि ज्या घरावर हा घाला पडला त्यातल्या मुलाबाळांचा तर त्या दारूशी काडीचाही संबंध नव्हता. कोणाची हयगय नाही, कोणाचा चिलमीचा निखारा नाही, आभाळातून आलेली वीज पुरली. काळजीपूर्वक वागणाऱ्या माणसाच्या घरी साठा असला तर काय बिघडते, असे म्हणणाऱ्याला याहून स्पष्ट उत्तर मला देता येणार नाही. काळजीने अपघाताची शक्यता घटते. अपघात झाल्यावर किती जण मरणार, हे मात्र साठा किती आणि अंतर किती यावरच ठरते.

यावर पहिला आक्षेप असा की त्या काळी दारू घरोघरी होतीच. ते खरे आहे. शिलेदार स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन चाकरीला येई, आणि ठासणीच्या बंदुकीला शिंगड्यात दारू व पिशवीत गोळ्या लागतच. खानापूरच्या जंगलकडेला रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्यालाही दारू लागते. पण शिंगडे आणि कोठार यांत फरक फक्त आकड्याचा नाही. मूठभर काळी दारू उघड्यावर पेटली तर भपका होतो, हात भाजतो. तीच दारू मणाने बंदिस्त जागेत असली की धुराला वाट मिळत नाही, दाब वाढत जातो आणि भिंती फुटतात. जुन्या व्यवस्थेने हा भेद नेमका ओळखला होता: वापरापुरती दारू माणसाच्या कमरेला, साठा मोहोरबंद कोठारात. १८१८ मध्ये इंग्रजांच्या बाजूने मन्रोच्या फौजेने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा आतली १६०० माणसांची शिबंदी २१ दिवस लढली. इतका दम धरायला लागणारा दारूगोळा घराघरांतल्या शिंगड्यांवर भागत नसतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, कारण त्यामागे रक्त सांडले आहे. १८५७ च्या नि:शस्त्रीकरणाच्या कायद्याने हत्यारे जमा करण्याचा हुकूम झाला आणि मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी तो मानला नाही. नोव्हेंबर १८५७ मध्ये फौजेने ते गाव जाळले, आणि पुढे डिसेंबरात १९ जणांना मुधोळ आणि हलगलीत फासावर चढवले. पुढच्या मे महिन्यात हम्मिगीच्या केंचनगौडाकडे दडवलेला शस्त्रांचा आणि दारूगोळ्याचा साठा सरकारी अंमलदारांच्या हाती लागला आणि मुंडरगीच्या भीमरावांचा उठाव अवेळी पेटला. त्याच उठावात उतरलेल्या नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना त्याच वर्षी १२ जूनला बेळगावातच फाशी झाली. या माणसांनी दारू जमवली ती लढायला, आणि त्यांच्याकडून ती काढून घेणारा कायदा अन्यायाचा होता, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तर कोडगूसारखे मोजके अपवाद वगळता सगळ्या देशाला तोच न्याय लावला. पण कायदा अन्यायाचा होता म्हणून घर हे साठ्याला योग्य ठिकाण ठरत नाही. हलगलीचा प्रश्न हत्यार कोणाच्या हाती असावे, हा होता. अमात्यांचा प्रश्न दारू कुठे असावी, हा होता. इंग्रजांनी दोन्हींची एकच मोट बांधली. त्यामुळे पहिल्या बाबतीतला रास्त राग आजही दुसरीवर निघतो, आणि आपल्याच पूर्वजांनी मोठी किंमत मोजून मिळवलेले शहाणपण परके वाटू लागते.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा. आजचे काडतूस म्हणजे उघडी दारू नव्हे, असे जाणकार सांगतात, आणि ते बरोबरच आहे. आगीत सापडलेले सुटे काडतूस फुटते, पण बंदुकीच्या नळीचा आधार नसल्याने गोळीला नेहमीचा वेग येत नाही. पितळेचे तुकडे मात्र उडतात. तेव्हा भरलेल्या काडतुसांच्या दोन खोक्यांनी गल्ली उडेल असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्याच्या घरात केवळ काडतुसे नसतात. पुंगळीच्या बुडाची जुनी टोपी काढून नवी बसवायची, मापाने दारू घालायची, वर गोळी दाबायची, म्हणजे टोप्यांची खोकी आणि दारूचे डबे आलेच. टोप्या तर ठोका बसला की पेटाव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात. एक पेटली की खोक्यातल्या बाकीच्यांना वेळ लागत नाही. शिवाय आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू पडल्या पडल्या हळूहळू विघटित होत जाते, आणि उष्णतेने ती क्रिया वेगाने होते. अमात्यांनी काळ्या दारूला सांगितलेले ऊन या दारूला घातकच. १९११ मध्ये तुलाँ बंदरात फ्रान्सची ‘लिबेर्ते’ ही युद्धनौका आपल्याच कोठारातल्या अशा बिघडलेल्या दारूने उडाली आणि सुमारे ३०० माणसे गेली. आरमाराची ती गत, तर माळ्यावरच्या डब्यात वर्षानुवर्षे पडलेल्या, कधी आणली याची चिठ्ठीही नसलेल्या दारूची तपासणी घरात कोण आणि कशाने करणार?

सरकारी कोठारे तरी कुठे सुरक्षित आहेत, हा शेवटचा प्रश्न उरतो. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाला, त्यात लष्कराचे अधिकारी, जवान आणि आग विझवायला धावलेले कर्मचारी मृत्युमुखी पडले. ते नुकसान कमी लेखण्यासारखे नाही. पण मेलेले सगळे आपल्या कामावर होते, धोका काय आहे हे जाणून आत गेलेले होते. भांडाराभोवतीच्या गावांतली घरे हादरली, तरी त्यांच्या आणि कोठाराच्या मध्ये मोकळी जमीन होती म्हणून लोकांना त्या रात्री घराबाहेर काढून हलवता आले. सिंहगडच्या फडणिसांच्या घरच्यांना तेवढी उसंत मिळाली नव्हती, आणि वडगावच्या एखाद्या घरात साठा पेटला तर भिंतीपलीकडच्या विणकरालाही मिळणार नाही.