पाडव्याची तिखट भुतं

वर्धा जिल्ह्यात श्रावणाची अमावास्या एकटी येत नाही. दिवसा पोळा, तिन्हीसांजेला पिठोरी, दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, पहाटे मारबत आणि दुपारी पोरांचा तान्हा पोळा. एवढं सगळं दीड दिवसात उरकायचं असतं. मी सिंदी रेल्वेची, लग्न होऊन वर्ध्याला आले. मला वर्षाचे सगळे सण आवडतात, पण भीती आणि खेळ एकाच ताटात वाढणारा सण हाच. हल्ली ऑक्टोबर संपता संपता पोरं काळे झगे घालून, दात रंगवून सोसायटीत फिरतात, ‘हॅलोविन’ म्हणतात. ते बघून माझ्या वयाच्या बायका नाक मुरडतात. मी मुरडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की भुताखेतांशी खेळायचा, दारोदार फिरून खाऊ गोळा करायचा आणि पिठातून भयंकर तोंडं घडवायचा सण आपल्या घरात फार जुना आहे. त्याचा इतिहास पोरांना कुणीतरी सांगायला हवा.

आधी पिठाबद्दल. पिठोरीला चौसष्ट योगिनींची पूजा असते. लेकरं जगावीत म्हणून आई हे व्रत करते. कहाणीतली सून दर पिठोरीला मूल गमावते, शेवटी घराबाहेर पडून रानात जाते आणि तिथे त्या योगिनींचीच गाठ पडते. लेकरू मरण्याची भीती ही आपल्या जुन्या बायकांची सर्वांत मोठी भीती होती, आणि ती कहाणी ती भीती लपवत नाही. कुणाकडे योगिनींचं चित्र पुजतात, कुणाकडे सुपाऱ्या मांडतात. आमच्या सिंदीच्या घरी आजी पिठाच्या योगिनी करायची. चौसष्ट पुऱ्या होत नसत, जेवढं पीठ उरलं तेवढ्या. चिमटीने नाक काढायचं, डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे. एकीला गाईचं तोंड, एकीला पक्ष्याची चोच. आजीने भेडाघाट कधी पाहिलं नव्हतं. जबलपूरजवळ नर्मदेकाठी टेकडीवर दहाव्या शतकातलं, वरून उघडं, गोल असं चौसष्ट योगिनींचं देऊळ आहे. तिथल्या दगडी मूर्तींत प्राण्यांची तोंडं असलेल्या योगिनी मी पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातला पाटच आठवला. कलचुरींच्या कारागिरांपासून सिंदीच्या चुलीपर्यंत हे कसं आलं असेल, यावर कुणी जाणकाराने लिहावं अशी माझी फार इच्छा आहे.

पूजा झाली की आई डोक्यावर वाण घेऊन पाठमोरी बसायची आणि विचारायची, “अतीत कोण?” मागून आम्ही एकेक जण म्हणायचो, “मी!” अमावास्येचा अंधार, कंदिलाची वात बारीक केलेली, आणि आई मागे वळून न बघता विचारतेय. अंगावर काटा यायचा आणि हसूही आवरायचं नाही. खीर-पुरी हातात पडली की भीती संपली.

त्याच दिवशी गावात पोळा. त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात सांगते. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकायचे आणि त्यांना जेवायचं आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी नदीवर आंघोळ, शिंगांना बेगड, अंगावर झूल, नवी वेसण, नवा कासरा. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या उभ्या करायच्या, झडत्या म्हणायच्या, हर हर महादेवचा गजर झाला की मानाची जोडी पुढे आणि पोळा फुटला. आमच्या जिल्ह्याच्या आर्वी-आष्टी-कारंजा भागातली गवळाऊ जात पांढरी आणि पळायला चपळ. ती झुलीखाली चालायला लागली की बघत राहावं. आता गावात ट्रॅक्टर जास्त आणि जोड्या कमी. त्याची हळहळ मला आहेच.

पण पोरांचा पोळा आटला नाही. तान्ह्या पोळ्याची सुरुवात नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये केली असं सांगतात. शेतकऱ्याचा पोळा होतो, मग लेकरांनी काय करायचं, म्हणून लाकडी बैल. वर्धा तेव्हा नागपूरचाच भाग होता. वेगळा जिल्हा १८६२ मध्ये झाला आणि पालकवाडीच्या जागी वर्धा शहर उभं राहिलं ते १८६६ मध्ये. त्यामुळे नागपूरची रीत ती आमची रीत. सिंदीने मात्र ती अशी वाढवली की आज तान्हा पोळा म्हटलं की लोक सिंदीचं नाव घेतात. मोहल्ल्या-मोहल्ल्यातून चाकांवरचे लाकडी नंदी निघतात. काही तर माणसाहून उंच, दोर लावून ओढावे लागतात. शंभर वर्षांहून जुनी ही परंपरा आहे, आणि माझ्या लहानपणी ज्या नंदीला हात लावायला मिळावा म्हणून आम्ही भांडत होतो, तसे नंदी आजही निघतात.

लहान बैल घेऊन पोरं घरोघरी जातात. घरची बाई बैलाला कुंकू लावते, पोराला बोजारा देते. बोजारा म्हणजे पैसे, हे आता झालं. आमच्या वेळी एक नाणं आणि ओंजळभर खाऊ मिळायचा. गोडाचं पुरण आदल्या दिवशी पोटभर झालेलं असायचं, म्हणून पाडव्याला सगळ्यांना तिखट हवं असायचं. पोळ्याच्या भजी-वड्यांची कढई चुलीवरून उतरलेली नसायची. त्याच तेलात आजी उरलेल्या कणकेत बेसन, तिखट, ओवा मिसळून कडक पुऱ्या तळायची. जवसाच्या तेलाचा वास गल्लीच्या तोंडाशी यायचा. कुणाकडे तिखट शंकरपाळे, कुणाकडे शेव, कुणाकडे फुटाणे. पोरांना घरं ठाऊक असत. चांगल्या तिखटाच्या घरी बैल दोनदा जायचा.

आणि याच दिवशी पहाटे मारबत. पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावलेल्या असतात, त्यांना आम्ही मेढे म्हणतो. पाडव्याला उजाडायच्या आत ते मेढे उपटायचे, घराच्या कानाकोपऱ्यातून फिरवायचे आणि रोगराई, खोकला, माशा, ढेकूण यांची नावं घेत ‘घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत गावाबाहेर टाकायचे. ओरडायचं काम पोरांचं. वर्षभर घरात आवाज चढवला तर मार खाणारी पोरं त्या पहाटे बेंबीच्या देठापासून ओरडत, आणि वडीलधारे ऐकून घेत. नागपूरला हेच मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीने होतं. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते. काळीचा संबंध लोक दुसऱ्या रघुजींच्या राणीशी, इंग्रजांना मिळालेल्या म्हणून बोल लागलेल्या बाकाबाईंशी जोडतात. म्हणजे पोरांना लाकडी बैल देणारा राजा आणि जिचा पुतळा जाळायचा ती राणी, दोघं एकाच घरातली, आणि दोघांची आठवण एकाच दिवशी. सोबत बडगे नावाचे पुतळे असतात, त्यांच्या अंगावर त्या त्या वर्षीची गाऱ्हाणी लिहिलेली. महागाई, भ्रष्टाचार, साथीचा रोग, जे छळत असेल ते.

आता हॅलोविनचा उगम बघा. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या लोकांचा तो साविन, उन्हाळा संपून थंडी सुरू होण्याचा सण. डोंगरावर चरायला गेलेली गुरं या सुमाराला खाली गोठ्यात आणत. म्हणजे गुराख्यांचाच सण. त्या रात्री मेलेल्यांचं आणि जित्यांचं अंतर कमी होतं अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती सर्व संतांच्या दिवसाची, १ नोव्हेंबरची, ती आदली रात्र झाली. गरीबगुरीब दारोदार जाऊन मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि त्यांना छोटे केक मिळत. सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात दुष्काळामुळे आयरिश लोक अमेरिकेत गेले, आणि तिथे सलगमाची जागा लाल भोपळ्याने घेतली. तो मोठा, मऊ, कोरायला सोपा. हा भोपळा मूळचा अमेरिकेचाच. आपल्याकडे आला तोही तिथूनच, मिरचीसारखा समुद्र ओलांडून. आणि आमच्या विदर्भात तो असा रुजला की त्याला आम्ही कोहळं म्हणतो, पोळ्याला त्याची भाजी करतो, गूळ घालून बोंडं तळतो. गुरं, पोरं, दारोदारचा खाऊ, मुखवटे, आणि मध्ये कोहळं. दोन सणांचं एकमेकांशी नातं नाही, पण माणसाचं मन एकाच वाटेने गेलं आहे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझी नात दिवाळीच्या फराळात माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “आजी, शंकरपाळे काऊन करून राहिली? भुतं कर ना,” तेव्हा मी लाटणं तिच्या हाती दिलं. तेव्हापासून आमच्याकडे ती होतात, आणि आता ऑक्टोबरपेक्षा पाडव्यालाच जास्त होतात.

पाव किलो लाल कोहळं किसून, पाण्याचा थेंब न घालता झाकण ठेवून वाफवायचं. थंड झालं की त्यात दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी बेसन, मूठभर ज्वारीचं पीठ, मीठ, तिखट, ओवा, तीळ, हिंग आणि चमचाभर हळद. हळद आमच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची. तिला भौगोलिक मानांकन आहे आणि रंग असा चढतो की पीठ पिवळ्या मारबतीचं होतं. दोन मोठे चमचे तेल कडकडीत तापवून मोहन घालायचं, मग मळायचं. वरून पाणी नको, कोहळ्याचा ओलावा पुरतो. आणि पीठ झाकून ठेवायचं नाही. मीठ कोहळ्याचं पाणी सोडवत राहतं आणि गोळा सैल होतो. म्हणून मळलं की लगेच लाटायचं, शंकरपाळ्याच्या जाडीचं.

वाटीने गोल कापायचे. डोळ्यांसाठी औषधाच्या बाटलीचं छोटं टोपण, तोंडासाठी सुरीचं टोक, करवतीसारखं वाकडंतिकडं. ही भोकं नुसती शोभेची नाहीत. त्यांतून वाफ निघून जाते, पुरी टम्म फुगत नाही, सपाट आणि कडक राहते. आच मंद ठेवावी लागते, नाहीतर कडा करपतात आणि आतला भाग कच्चा राहतो. तेलात गेल्यावर पीठ थोडं आकसतं आणि तोंडं आपोआप तिरकी होतात. प्रत्येक भूत वेगळं निघतं, पोरांना त्याचीच मजा.

दुसरा प्रकार हडळीच्या बोटांचा. बेसन आणि तांदळाचं पीठ, त्यात बारीक चिरलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि हिरवी मिरची वाटून. करंगळीएवढ्या वळकट्या करायच्या, मधोमध सुरीने तीन चिरा, ती सांध्याची कातडी. टोकाला पाण्याचं बोट लावून भुईमुगाची अर्धी डाळिंबी सपाट बाजूने दाबून बसवायची. ते नख. पाणी लावलं नाही तर नख तेलात सुटून पोहत राहतं. तळल्यावर दाणा तपकिरी होतो आणि नख अगदी मळकट, वर्षानुवर्षं न कापल्यासारखं दिसतं. काळ्या मारबतीसाठी काही गोळ्यांना भाजलेल्या काळ्या तिळाचा कूट लावते.

तळायला मी घाणीचं तेल घेते, आणि त्यालाही वर्ध्याचा इतिहास आहे. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं, जे. सी. कुमारप्पा त्याचे प्राण होते. तिथे झवेरभाई पटेल यांनी बैलघाणीवर प्रयोग करून ती सुधारली, तेल जास्त निघेल आणि बैलाला त्रास कमी होईल अशी. ‘वर्धा घाणी’ म्हणून ती ओळखली गेली. ज्या बैलाची पोळ्याला पूजा करायची, त्याच्याच फेऱ्यांतून कढईतलं तेल यायचं. हे माझ्या नातीला मी कढईजवळ उभं राहून सांगते, कारण पुस्तकातून सांगितलं तर ती ऐकत नाही आणि बोटं तळताना सगळं ऐकते.

गेल्या पाडव्याला आमच्या दाराशी लाकडी बैल घेऊन पोरं आली, तेव्हा नातीने बोजाऱ्याच्या नाण्याबरोबर एकेक भूत दिलं. एका धिटुकल्याने विचारलं, “ही मारबत आहे का?” ती म्हणाली, “हो, पिवळी.” “मग खायची कशी? टाकायची असते.” यावर ओसरीवर बसलेल्या शेजारच्या काकूंनी निकाल दिला. पीठ टाकायचं नसतं, खोकल्याचं नाव घे आणि चावून टाक. पोराने खोकल्याचं नाव घेतलं, मागच्याने गणिताच्या मास्तरांचं, आणि डबा रिकामा होईपर्यंत आमच्या दारातून अर्ध्या मोहल्ल्याची पीडा गेली. यंदा कोहळं अर्धा किलो घेणार आहे.