नेपा मिलचे आबा

एप्रिल 1956. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीतून तुम्ही नेपानगरला उतरता. ऊन मी म्हणतंय. रावेर, बऱ्हाणपूर केव्हाच मागे पडलं. आता सातपुड्याचं जंगल. या प्रांताची राजधानी अजून नागपूर आहे, आणि बऱ्हाणपूर जिल्हा व्हायला 2003 उजाडायचंय. 26 तारखेला पंडित नेहरू येतात आणि वर्तमानपत्रांचा कागद बनवणारा देशातला पहिला कारखाना राष्ट्राला अर्पण करतात. 1947 साली खासगी कंपनी म्हणून त्याची सुरुवात झाली, 1949 मध्ये सरकारनं तो हाती घेतला. गर्दीत मागे रावेरकडचा एक विशीतला पोरगा टाचा उंचावून बघतोय. तेच आमचे आबा. केळीच्या बागेत मन रमेना म्हणून इथं हेल्पर लागलेत.

आता थेट 1972 च्या रात्रपाळीत चला. आबा फिटर झालेत. कागदाच्या मशीनपाशी आवाज इतका, की माणसं हातवाऱ्यांनीच बोलतात. सालई आणि बांबूचा लगदा, ज्यात शंभरातले नव्याण्णव भाग पाणीच, धावत्या जाळीवर पसरतो. पाणी निथळतं, रोलांमध्ये दाबून उरलेलं निघतं, मग वाफेनं तापलेल्या सिलिंडरांवरून फिरत फिरत कागद सुकतो आणि टोकाला रिळावर गुंडाळला जातो. आबा एका सिलिंडरपाशी थांबतात. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घराला टेकवतात, मूठ कानाशी धरतात, डोळे मिटतात. तुम्हीही कान लावा. धड बेअरिंगची घरघर एकसारखी असते. याची मधेच खरखरते. आबा खिशातून खडू काढून फुली मारतात. मशीन थांबेल तेव्हा पहिलं हे बदलायचं. चालत्या मशीनवर ते अडकलं तर कागद तुटणार आणि सगळी पाळी तो पुन्हा लावण्यात जाणार. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत असा कागद बनवणारा देशात हा एकच कारखाना होता. बाकीचा परदेशातून यायचा आणि वर्तमानपत्रांना कोट्यानं मिळायचा. त्या खडूच्या फुलीला मी म्हणूनच फार मोठं काम मानतो.

सकाळचा भोंगा होतो. त्यांच्या मागोमाग क्वार्टरवर या. अंगणात आबा आधी रॉकेलनं, मग साबणानं हात धुतात, वास घेऊन बघतात, पुन्हा धुतात. कारण लेकीच्या दोन वेण्या घालायचं काम त्यांचं. आजी चुलीपाशी कळण्याची भाकरी थापतेय. रात्रभर पाना धरलेली बोटं लाल रिबिनीची फुलं नीट बांधतात. "हलू नको बेटा, भांग वाकडा होतो," एवढंच बोलणं. पोरं शाळेला गेली की पेपर उघडतात. आधी पान अंगठ्यानं चोळून बघतात, उजेडाकडे धरतात. आवडला तर आजीला हाक मारतात, "अगं, हा आपला असावा!" मग बातम्या. पगाराच्या दिवशी बऱ्हाणपूरची मावा जिलेबी ठरलेली. त्यातली शेजारच्या क्वार्टरवर गेल्याशिवाय घरात कुणी हात लावायचा नाही.

1994 ला उतरा. निवृत्तीचा हार गळ्यात, हातात शाल. दुसऱ्याच दिवशी ते कुणाचातरी पाण्याचा पंप खोलून बसलेले दिसतात. पुढची वीस वर्षं गल्लीतली शिलाई मशीन, मिक्सर, सायकली त्यांच्याच ओट्यावर येत राहिल्या. पैसे कधी घेतले नाहीत. ते चुकीचं होतं असं आजी म्हणायची, आणि पाहुण्याला चहाही तीच द्यायची.

2016 मध्ये नूतनीकरणासाठी मिलचं उत्पादन थांबलं. आबा ऐंशीचे झाले होते. कच्चा माल तर केव्हाच बदलला होता: सालई, बांबू गेले, रद्दीच्या लगद्यापासून कागद होऊ लागला. वर्तमानपत्रांच्या कागदाबरोबर लिहिण्या-छापण्याचा कागदही काढायचा, अशी नवी आखणी झाली. 2022 मध्ये मशीन पुन्हा फिरलं, तेव्हा आबा नव्हते.

कारखान्याच्या इतिहासात नेहरूंचं नाव सापडेल, फिटरचं नाही. तुमच्या घरात, गल्लीत नेपाचे, रेल्वेचे, सूतगिरणीचे कुणी निवृत्त कामगार असतील तर या रविवारी वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. कोणत्या खात्यात होते, कोणतं मशीन, हाताखाली कोण होतं, पहिला पगार किती, सगळं विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.