बोस्टनचा बूटवाला आणि चिखलीची गृहचौकशी

पुण्याजवळच्या चिखलीत, कुदळवाडीत एखादं मूल एकटं सापडलं, तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत ते बालकल्याण समितीपुढे हजर व्हायला हवं. मूल घरी जाणार की बालगृहात, हे बरंचसं एका कागदावर ठरतं. बालन्याय कायदा त्याला सामाजिक तपासणी म्हणतो, बोलताना ती ‘गृहचौकशी’ होते. केंद्राच्या 2016च्या नियमांत तो नमुना 22. मुदत 15 दिवस.

या कागदाचं मूळ मुलांच्या कायद्यात शोधू नये. ते दारुड्यांच्या जामिनात आहे!

1841 साली बोस्टनच्या कोर्टात जॉन ऑगस्टस हा बूट शिवणारा एका दारुड्याला जामीन राहिला. तीन आठवड्यांनी तो गडी चांगला शुद्धीवर, ओळखू न येण्याइतका सुधारून हजर झाला. ऑगस्टसने पुढे दोन हजारांच्या आसपास माणसं सोडवली, पण येईल त्याला नव्हे. आधी तो तीन गोष्टी पाहायचा: पूर्वीची वागणूक, वय, आणि सुटल्यावर हा कुणाच्या संगतीत राहणार. खरी मेख तिसरीत आहे. तिथे धोका माणसाचा नव्हे, त्याच्या भोवतालचा जोखला जातो. आजच्या गृहचौकशीत घरातल्यांचे आपसातले संबंध, व्यसनं, मुलाचे सोबती यांची विचारपूस होते, ती याच वळणाची.

मधला प्रवास झटपट: मॅसॅच्युसेट्सचा 1878चा प्रोबेशन कायदा, इंग्लंडचा 1907चा, मुंबईचा 1924चा बाल कायदा, मग 1986, 2000 आणि 2015चे केंद्रीय कायदे.

काही जण या कुळाचा मान समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेसला देतील. 1928 साली त्याने इलिनॉयमधल्या पॅरोलवर सुटलेल्या 3,000 कैद्यांच्या नोंदी चाळून 21 मुद्द्यांचं गुणपत्रक बसवलं. अमेरिकेपुरतं ते खरंही आहे. पिट्सबर्गच्या ॲलेघेनी काउंटीत 2016पासून मुलांविषयीच्या तक्रारीला संगणक 1 ते 20 गुण देतो. पण तो आकडा तपास करायचा की नाही एवढ्यापुरता, मूल कुठे ठेवायचं यासाठी नव्हे. आपल्या नमुन्यात तर बेरीजच नाही. शेवटी शिफारस लिहावी लागते. म्हणजे घराणं ऑगस्टसचंच. आकड्याच्या बाजूने एक मात्र मान्य करावं लागतं: एकच घर दोन अधिकाऱ्यांना दोन तऱ्हेचं दिसू शकतं.

चिखलीत अडतं वेगळ्याच ठिकाणी. आईवडील दोघंही चाकणला शिफ्टला, खोली भाड्याची, आजी नांदेडला. कायद्याने संस्था हा शेवटचा पर्याय, म्हणून दिवसभर मुलाकडे कोण पाहतं हे शेजारी विचारावं लागतं आणि आजीचं घरही पाहावं लागतं. ऑगस्टसला माणसाची संगत आपल्याच शहरात तपासता येत होती. इथे अर्धी चौकशी पुण्यात होते, अर्धी नांदेडच्या कार्यालयाकडे पत्र जाऊन. आणि मुदत तीच, 15 दिवसांची.