तडा दिसणें आणि तडा जाणणें

काँक्रीट दाबास कणखर, पण ताणास दुबळें. म्हणूनच त्याच्या पोटांत पोलादी सळ्या घालावयाच्या. त्या ताण घेऊं लागल्या, कीं भोंवतालच्या काँक्रीटास बारीक तडे पडावयाचेच. तेव्हां तडा दिसतांच घाबरून जाणें जितकें अनुचित, तितकेंच त्याकडे डोळेझांक करणें घातक होय. कारण याच वाटेनें पाणी आंत शिरतें, सळई गंजून फुगते व तडा आणखी रुंदावतो. हे तडे शोधण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या डोळ्यानेंच केलें. परंतु डोळा थकतो, आणि उंच पुलाच्या पोटाखालीं तो सहजासहजीं पोंचतही नाहीं.

हें काम यंत्रावर सोंपविण्याचा आरंभ नियमांच्या वाटेनें झाला. जॉन कॅनी यांनीं १९८६ सालीं छायाचित्रांतील उजेड-काळोखाच्या सीमारेषा हुडकण्याची रीत प्रसिद्ध केली. तीच पुढें तड्यांसही लावण्यांत आली. पण कडा सांवलीला असते, तशी डागालाही असते. नियमास त्यांतील भेद कळेना.

दुसरी वाट उदाहरणांची. २०१७ सालीं यंग-जिन चा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काँक्रीटच्या छायाचित्रांचे ४०,००० लहान तुकडे संगणकापुढें ठेविले. यांत तडा आहे, यांत नाहीं, एवढेंच त्यास सांगितलें. तड्याचीं लक्षणें त्याचीं त्यानेंच हुडकिलीं. त्याची ओळख शेंकडा सुमारें ९८ वेळां अचूक ठरली. माणसाच्या डोळ्यास हा मोठाच आधार होय.

मग पूल निर्धोक झाले काय? आमच्या मतें, नाहीं. इटलींतील जिनोव्हा शहराचा, १९६७ सालीं खुला झालेला पूल पाहा. त्याचे पोलादी दोर काँक्रीटच्या वेष्टनांत दडलेले होते. ते गंजण्याचा धोका त्याचे रचनाकार रिकार्दो मोरांदी यांनीं स्वतः १९७९ सालींच लिहून ठेविला होता. पुढें एका मनोऱ्याचे दोर बळकट करण्यांत आले. दुसऱ्याचे राहून गेले. १४ ऑगस्ट २०१८ रोजीं तो दुसराच मनोरा कोसळला आणि ४३ माणसें दगावलीं.

छायाचित्र पृष्ठभागाचें असतें. वेष्टनाआडचा गंज त्यांत उमटत नाहीं. पण येथें तर गंजाची वार्ता आधींच कागदावर आलेली होती. उणीव होती ती वेळेवर हालचाल करणाऱ्या हातांची. यंत्रानें तड्यांची यादी कितीही बिनचूक केली, तरी कोणता तडा आधीं बुजवावयाचा आणि कोणता पूल आज बंद करावयाचा, हा निर्णय माणसासच घ्यावा लागेल. ती जबाबदारी यंत्राच्या गळ्यांत घालून आपण मोकळे होऊं म्हटलें, तर नवा डोळा मिळूनही आपण आंधळेच राहूं.