आडवाटेच्या गाड्यांतील इंधनाची वाट

मोटारगाडीच्या इतिहासात इंजिनाविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु टाकीतून निघालेले इंधन कोणत्या मार्गाने इंजिनापर्यंत पोहोचते आणि त्या मार्गावरील भाग नेमके कोठे बसवलेले असतात, या प्रश्नाकडे इतिहासकारांपेक्षा गॅरेजमधील मेकॅनिकांचेच लक्ष अधिक गेले आहे. टाकी, इंधन ओढणारा किंवा ढकलणारा पंप, कचरा व पाणी अडवणारा फिल्टर आणि शेवटी हवेत इंधन मिसळणारा कार्ब्युरेटर अथवा सूक्ष्म फवारा सोडणारे इंजेक्टर, असा हा मार्ग असतो. डांबरी रस्ता सोडून डोंगर, वाळू आणि नदीपात्र यांतून चालणाऱ्या ऑफ-रोड गाड्यांत या भागांच्या जागेला विशेष महत्त्व येते, कारण तेथे बिघाड झाला तर दुरुस्तीसाठी चालकाचे हात आणि हत्यारांची एक पेटी याशिवाय दुसरे काही जवळ नसते. म्हणूनच जुन्या ऑफ-रोड गाड्यांचे मालक अडचणीच्या जागी बसवलेले फिल्टर व पंप काढून हाताला येतील अशा ठिकाणी नेत आले. या प्रथेकडे हौशी उद्योग म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. कारखान्याने घेतलेल्या निर्णयांवर दुरुस्ती करणाऱ्यांनी नोंदवलेली ती दीर्घकालीन हरकत आहे.

या मार्गाची मांडणी आरंभी गुरुत्वाकर्षणाने ठरवली. 1908 मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पंपच नव्हता. पुढच्या आसनाखाली ठेवलेल्या टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरकडे उतरत असे. टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढ आला की गाडीचे नाक वर जाई, कार्ब्युरेटर टाकीच्या पातळीपेक्षा उंच होई आणि इंजिन बंद पडे. त्यामुळे असे चढ गाडी उलटी फिरवून, मागच्या गिअरमध्ये चढण्याची रीत चालकांनी काढली. 1927 च्या अखेरीस बाजारात आलेल्या मॉडेल ए गाडीत फोर्डने टाकी उचलून समोरच्या काचेखाली, म्हणजे प्रवाशांच्या गुडघ्यांपुढे नेली आणि चढाचा प्रश्न सोडवला, परंतु पेट्रोलचा साठा माणसांच्या अगदी समोर आणून ठेवला. टाकी मागे, खालच्या बाजूला ठेवायची तर इंधन वर उचलणारे साधन हवे होते. त्या काळातील व्हॅक्यूम टँक ही त्याची एक पायरी होती: इंजिनाच्या शोषणशक्तीने एका छोट्या मधल्या टाकीत पेट्रोल खेचून घ्यायचे आणि तेथून ते खाली सोडायचे. लांब चढावर चालक ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवी तेव्हा ही शोषणशक्ती क्षीण होई, म्हणजे गरज सर्वाधिक असताना पुरवठा आटे. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा, लवचिक पडद्याचा यांत्रिक पंप आला आणि त्यानंतरच टाकी कोठेही ठेवण्याची मोकळीक अभियंत्यांना मिळाली.

या मोकळिकीचा सर्वांत धीट उपयोग दुसऱ्या महायुद्धातील जीपने केला. 1941 पासून विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनी बांधलेल्या या गाडीच्या दोन्ही आसांमधील अंतर अवघे 80 इंच, म्हणजे सुमारे 2 मीटर होते. मागची जागा सैनिक व सामान यांसाठी मोकळी ठेवायची होती, आणि टाकीला दगडधोंड्यांपासून जपायचे होते. तेव्हा टाकी चालकाच्या आसनाखाली, गाडीच्या तळात केलेल्या खळग्यात बसवण्यात आली. इंधन भरायचे तर चालकाला उठून आसनाची गादी वर करावी लागे. लष्करी हिशेबाने ही रचना योग्य होती, आणि तिच्या साधेपणाचे कौतुक करायलाच हवे. पण युद्ध संपत आले असताना 1945 मध्ये नागरी वापरासाठी सीजे-2ए हे मॉडेल आले तेव्हा विलीजने पेट्रोल भरण्याचे तोंड गाडीच्या बाहेरील बाजूस काढले. टाकी मात्र आसनाखालीच राहिली, आणि तिला तेथून हलून गाडीच्या मागील भागात जाण्यास 1970 च्या दशकाचा आरंभ उजाडावा लागला. टोयोटाच्या लँड क्रूझर एफजे-40 मध्येही टाकी प्रवाशाच्या आसनाखाली होती आणि तीसुद्धा त्याच दशकाच्या अखेरीस मागे गेली.

जीपच्या इंधनमार्गाचा खरा शत्रू उष्णता होती, आणि येथे या इतिहासाचा महाराष्ट्राशी थेट संबंध येतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजच्या जीपांची जुळणी सुरू केली आणि पुढे हीच गाडी सरकारी खात्यांपासून खेडोपाडीच्या प्रवासी वाहतुकीपर्यंत सर्वत्र पोहोचली. यांत्रिक पंप इंजिनालाच जोडलेला असल्यामुळे तो इंजिनाबरोबर तापतो. शिवाय तो टाकीतील पेट्रोल ओढून घेत असल्याने नळीतील दाब कमी होतो, आणि दाब कमी झालेला द्रव कमी तापमानाला उकळतो. परिणामी वैशाखाच्या उन्हात घाट चढताना नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप द्रवाऐवजी ती वाफच ढकलू पाहतो आणि गाडी भर चढावर थांबते. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. त्यावर चालकांचा उपाय पंपावर ओले फडके गुंडाळण्याचा होता, आणि तो शास्त्रशुद्ध होता, कारण फडक्यातील पाण्याचे बाष्प होताना पंपाची उष्णता निघून जाते. अधिक टिकाऊ उपाय पंपाचे स्थलांतर हा होता: यांत्रिक पंप निकामी ठेवून टाकीजवळ, चॅसिसच्या आडोशाला विजेवर चालणारा पंप बसवला की पेट्रोल ओढले न जाता मागून ढकलले जाते, नळीत दाब राहतो आणि वाफ धरण्याची शक्यता घटते. इंधनमार्गातील भाग हलवण्यामागे केवळ हात पोहोचण्याची सोय नसून पदार्थविज्ञानाचा विचारही होता, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पुढे महिंद्रच्या जीपांत डिझेल इंजिने आली, तेव्हा अडचणीचे रूप पालटले. डिझेल सहजी उकळत नाही, परंतु ओढणाऱ्या बाजूच्या एखाद्या जोडात सूक्ष्म फट राहिली तर तेथून हवा शिरते आणि इंजेक्शन पंप इंधन दाबण्याऐवजी ती हवाच दाबत बसतो. गाडीने एअर घेतली, असे मेकॅनिक म्हणतात. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढावी लागते. या कामात फिल्टर आणि हातपंप सहज दिसतील व हाताशी येतील अशा जागी असणे अनिवार्य ठरते.

अमेरिकेतील पिकअप ट्रकांत, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालगाड्यांत, स्थलांतराचे कारण तिसरेच होते. शेवरले कंपनीच्या 1972 पर्यंतच्या अशा गाड्यांत टाकी केबिनच्या आत, आसनाच्या पाठीमागे होती. 1973 च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने ती केबिनबाहेर काढली, पण चॅसिसच्या लांब पोलादी पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला टांगली. बाजूने धडक बसल्यास ही टाकी फुटून आग लागते, असा आक्षेप घेतला गेला, सरकारी चौकशी झाली आणि अखेर 1994 मध्ये गाड्या परत न बोलावता सुरक्षाविषयक कार्यक्रमांसाठी कंपनीने 5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य करून तडजोड झाली. जुन्या ट्रकांच्या मालकांनी तोवर स्वतःच वाट काढली होती: केबिनमधील टाकी काढून मागे, चॅसिसच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये दुसरी टाकी बसवण्याचे काम तेथील गॅरेजांत नित्याचे झाले होते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने कारखान्याच्या दोन्ही जागांपेक्षा हीच जागा सरस होती.

तथापि आजच्या अर्थाने हात न पोहोचणाऱ्या भागांचा जन्म झाला तो इंधन-इंजेक्शनच्या युगात. 1970 च्या दशकात अमेरिकेने टाकीतून उडून जाणाऱ्या पेट्रोलच्या वाफेवर निर्बंध घातले, त्यामुळे ती वाफ शोषणारे कोळशाचे डबे व त्यांच्या नळ्या इंजिनाभोवती वाढल्या. 1980 च्या दशकात कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने घेतली आणि विजेचा पंप टाकीच्या पोटात गेला. याचे ठळक उदाहरण म्हणजे टोयोटाचा 22आर-ई इंजिनाचा छोटा ट्रक. इतर देशांत हायलक्स या नावाने ओळखली जाणारी ही गाडी अमेरिकेत बराच काळ केवळ टोयोटा ट्रक म्हणून विकली गेली, आणि तिचे 2366 घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन टिकाऊपणासाठी नावाजले गेले. याच इंजिनाचा इंधन-फिल्टर मात्र इनटेक मॅनिफोल्डखाली, म्हणजे सिलिंडरांत हवा वाटून देणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाड नळ्यांच्या खाली, इंजिनाच्या अंगाला चिकटून बसवलेला आहे. वरून पाहिले तर तो जवळजवळ दिसत नाही; पुढचे चाक काढून चाकाच्या कमानीतून हात घालावा लागतो, आणि वर्षानुवर्षे चिखल व पाणी खाऊन गंजलेले जोड पान्याला दाद देत नाहीत. जोर केला तर पोलादी नळी पिळवटते, आणि ती बदलणे फिल्टर बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. इंजिन गाडीबाहेर असताना फिल्टर, नळ्या व मॅनिफोल्ड एकामागोमाग जोडणाऱ्या कामगाराला ही जागा मुळीच अवघड नसावी. कारखान्यातील जुळणीचा क्रम आणि वीस वर्षांनंतरच्या दुरुस्तीचा क्रम परस्परविरुद्ध असतात, आणि कारखाना पहिल्याचाच विचार करतो, हा दोष एका कंपनीपुरता मर्यादित नाही.

अशा गाडीत फिल्टर इंजिनाच्या कप्प्याच्या आतील भिंतीवर किंवा टाकीपासून पुढे येणाऱ्या नळीवर, चॅसिसच्या पट्टीच्या आतील अंगाला नेण्याची पद्धत रुळली. काम वाटते तितके निरुपद्रवी नाही. कार्ब्युरेटरच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम पाव ते अर्धा किलो दाब असतो, तर या इंजेक्शन मार्गात तो अडीच किलोच्या आसपास असतो. म्हणून जुन्या गाडीची साधी रबरी नळी आणि स्क्रूने आवळायची साधी पट्टी येथे चालत नाही, इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेलीच नळी लागते. काम सुरू करण्यापूर्वी नळीतील दाब उतरवावा लागतो, पोकळ बोल्टच्या जोडातील तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावे लागतात, फिल्टरवरील बाण इंजिनाकडे राहील हे पाहावे लागते, आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या नळकांड्यापासून सारा मार्ग दूर ठेवावा लागतो. चॅसिसच्या खालच्या कडेला लोंबणारा फिल्टर बदलायला कितीही सोपा असला तरी पहिल्याच खडकावर फुटू शकतो. कारखान्याने त्याला मॅनिफोल्डखाली दडवले त्यामागे संरक्षणाचा हेतूही असेल, हे मान्य करावे लागते; उत्तम स्थलांतर तेच, जे हे संरक्षण न गमावता हाताला वाट करून देते.

टाकीतील पंपाच्या बाबतीत मालकांनी दुसरा मार्ग धरला. पंप बदलण्यासाठी पेट्रोलने जड झालेली टाकी खाली उतरवण्याऐवजी कित्येकांनी पिकअपचा हौदाच बोल्ट सोडवून उचलला, तर काहींनी टाकीच्या वर येणाऱ्या हौद्याच्या तळपत्र्यात झाकण असलेली खिडकी कापली. पेट्रोलच्या वाफेजवळ पत्रा कापताना ठिणगी उडाल्यास काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही, आणि जेथे कमी साहसाचा पर्याय आहे तेथे ही खिडकी समर्थनीय वाटत नाही. 1997 चे मॉडेल म्हणून आलेल्या जीप रँग्लर टीजेमध्ये तर फिल्टरही टाकीतील पंपाच्या संचातच सामावला गेला. ठराविक काळाने बदलायचा स्वस्त भाग अशा रीतीने न बदलण्याचा भाग ठरला. ज्या गाडीच्या टाकीत धूळ, गंज आणि दूरच्या पंपावरचे संशयास्पद पेट्रोल जाणार हे निश्चित आहे, तिच्याबाबत हा निर्णय चुकीचाच म्हटला पाहिजे.

या साऱ्या स्थलांतरांची एक उणीव मात्र अद्याप दूर झालेली नाही. कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेत फिल्टरची मूळ जागाच छापलेली असते. हलवलेल्या फिल्टरची माहिती ज्याने तो हलवला त्याच्याजवळच राहते, आणि गाडी विकली गेली की तीही जाते. म्हणून ज्या मालकांनी आपल्या जुन्या गाडीत असे बदल केले आहेत, त्यांनी फिल्टर व पंप यांच्या नव्या जागा, नळीचा मार्ग, नळीची दाबक्षमता आणि बसवलेल्या फिल्टरचा क्रमांक एका कागदावर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा.