बेस गिटारची घोडी आणि तिच्यावरचे झाकण

1951 साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी तयार केलेल्या ‘प्रिसिजन बेस’ या वाद्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात आणि जिथून त्यांची कंप पावणारी लांबी मोजली जाते तो भाग, आजच्या तुलनेत अगदीच साधी होती. धातूच्या पट्टीवर दोनच आधार बसवलेले असत, प्रत्येकावर दोन तारा टेकत, आणि हे आधार धातूचे नसून दाबून घट्ट केलेल्या तंतुमय पदार्थाचे होते. जाड आणि बारीक तारेला सुरात राहण्यासाठी किंचित वेगवेगळी लांबी लागते. त्यामुळे एका आधारावर दोन तारा ठेवल्या, की एक पडद्यांवर नेमकी बोलली तरी शेजारची थोडी चढी किंवा उतरी लागणार हे ठरलेलेच होते. डबल बेसला पडदे नसल्याने स्वराची जागा कानाने शोधावी लागते, ती अडचण पडद्यांनी दूर केली म्हणून या वाद्याच्या नावात अचूकता आली. घोडीत मात्र ही तडजोड सहा वर्षे टिकली. 1957 साली चार तारांना चार स्वतंत्र पोलादी आधार मिळाले, आणि त्याच वर्षी पिकअप, म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे देऊन तारांच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग, दोन तुकड्यांत विभागला गेला. या तुकड्यांतील वेढे आणि चुंबक परस्परांच्या उलट असल्याने विजेच्या उपकरणांमुळे येणारी घरघर आपोआप कटली जाऊ लागली.

तथापि त्या काळाची दृष्टी खऱ्या अर्थाने दिसते ती घोडीवर बसवलेल्या चकचकीत झाकणात. वरवर पाहता ते शोभेचे वाटते. पण उलटे केले, तर आतल्या बाजूला चिकटवलेली स्पंजाची पट्टी दिसते, आणि झाकण जागेवर बसले की ही पट्टी तारांवर टेकून त्यांचा नाद लवकर विझवते. फेंडर यांच्यापुढे डबल बेसचा आखूड, ठोस स्वर होता आणि त्यांच्या वाद्याने तोच द्यावा अशी अपेक्षा होती. बारीक तारेच्या बाजूला बसवलेला लाकडी ठोकळाही हेच सांगतो: वादकाने बोटे त्याला अडकवून अंगठ्याने तार छेडावी, अशी ती योजना होती. वादकांनी मात्र बोटांनी वाजवणे पसंत केले, आणि अखेर 1970च्या दशकात कंपनीनेच तो ठोकळा जाड तारेच्या बाजूला, अंगठा टेकण्यासाठी, हलवला. कारखान्याने आखलेली रीत वादकांच्या हातांनी बदलल्याचे याहून स्पष्ट उदाहरण या वाद्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

झाकणाचेही तेच झाले, पण सर्वत्र नव्हे. डेट्रॉइटच्या मोटाउन ध्वनिमुद्रणांत जेम्स जेमरसन यांनी जाड, चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या तारा आणि स्पंज दोन्ही राखले, आणि त्यांच्या वादनातील गोलाई या जुन्या सामग्रीवाचून समजत नाही. इंग्लंडमध्ये ‘द हू’ या वाद्यवृंदाचे जॉन एन्टविसल यांना नेमके उलटे हवे होते. त्यांच्या आग्रहातून 1966च्या सुमारास रोटोसाउंड कंपनीने गोल तारेने गुंडाळलेल्या बेसच्या तारा घडवल्या. त्यांचा पियानोसारखा खणखणीत, लांबणारा नाद स्पंजाखाली दबला असता, म्हणून झाकणे निघाली आणि बहुधा परत बसली नाहीत.

यानंतर सारा शोध नाद लांबवण्याचा झाला. 1970च्या दशकात अलेम्बिक या कॅलिफोर्नियाच्या कारागिरांनी वजनदार पितळी भाग वापरले आणि वाद्यातच विद्युत् प्रवर्धक बसवला. त्याच दशकात ‘बॅडअ‍ॅस’ नावाची जड घोडी अनेकांनी मूळ पातळ घोडीच्या जागी बसवली. लिओ फेंडर यांचा स्वभाव मात्र बदलला नव्हता: 1976च्या ‘म्युझिक मॅन स्टिंगरे’त बॅटरीवर चालणारे आधुनिक मंडल देतानाही त्यांनी प्रत्येक तारेखाली नाद दाबणारा छोटा स्पंज ठेवलाच.

सर्वांत धाडसी पाऊल नेड स्टाइनबर्गर यांचे. 1980च्या सुमारास त्यांनी कार्बन तंतूंच्या मिश्रणाचे, माथाच नसलेले बेस आणले आणि तार जुळवण्याची यंत्रणा घोडीच्या टोकाला नेली. तंबोऱ्याचा मणी सरकवून बारीक सूर मिळवणाऱ्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. माथ्यावरच्या जड खुंट्यांमुळे मान खाली झुकण्याचा दोष त्यामुळे मुळातूनच गेला. पाचवी, खर्जातील तार रूढ झाल्यावर तर घोडीची कसोटीच लागली, कारण नेहमीच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सुमारे 41 हर्ट्झचा, तर या तारेचा सुमारे 31 हर्ट्झचा असतो, आणि इतकी जाड तार सुरात ठेवण्यासाठी आधार मागे सरकवायला घोडीत पुरेशी जागा लागते.

या साऱ्या प्रगतीला ‘सुधारणा’ म्हणणे अपुरे आहे. जड घोडीने नाद वाढला असेल, पण जेमरसन यांच्या स्वराची जागा तिने घेतली नाही. आजही ध्वनिमुद्रणाच्या वेळी अनेक बेसवादक घोडीजवळ तारांखाली स्पंजाचा तुकडा सरकवतात.